फोनवरून घरपट्टी भरली, तरी थकबाकी कशी?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने कार्यालयाच्या दारावर क्यूआर कोड लावला आहे. भावाने पाठवलेल्या त्याच्या फोटोवरून मी मागील वर्षाची घरपट्टी व पाणीपट्टी पुण्याहून भरली आणि खात्यातून रक्कम वजाही झाली. यंदाच्या मागणी बिलात मात्र तीच रक्कम थकबाकी म्हणून दाखवली आहे. आता काय करावे?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : व्यवहार यशस्वी दिसत असेल, तर पैसे बहुधा ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा आहेत, फक्त ते कोणत्या मिळकतीचे, याची नोंद करायची राहून गेली आहे. दारावरचा साधा क्यूआर कोड केवळ बँक खात्याशी जोडलेला असतो. बँकेच्या उताऱ्यावर पैसे पाठवणाऱ्याचे नाव येते, आणि घर वडिलांच्या नावावर असून कर मुलाच्या फोनवरून भरला गेला असेल, तर नमुना ९ च्या कर मागणी नोंदवहीत ती रक्कम कोणाच्या नावापुढे जमा धरायची, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) कळायला मार्ग उरत नाही.

ॲपमधील जुन्या व्यवहारांतून बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख व रक्कम उतरवून घ्या, नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) वरील मिळकत क्रमांक सोबत लिहून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बँकेच्या उताऱ्याशी मेळ बसल्यावर नमुना १० ची पावती आवर्जून मागा, कारण फोनवरचा संदेश पैसे गेल्याचे सांगतो, कर भरल्याचे नव्हे. तरीही दखल घेतली नाही, तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

यापुढे पैसे पाठवताना शेऱ्यात मिळकत क्रमांक व वर्ष लिहा. कोड स्कॅन केल्यावर ग्रामपंचायतीऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर पैसे मुळीच पाठवू नका. ही दक्षता फोटोवरून भरणाऱ्यांनी अधिकच घ्यावी.

खरे तर हा भार नागरिकावर पडूच नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. मिळकत क्रमांक व देय रक्कम ज्यात आधीच भरलेली आहे असा स्वतंत्र कोड प्रत्येक मागणी बिलावर छापला, तर नाव जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय भरण्यावर व्यापारी शुल्क, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्याकडून बँक घेते ते शुल्क, नाही, त्यामुळे ऑनलाइन भरण्यासाठी कोणी जादा रक्कम मागत असेल तर ती देऊ नये. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अशा वृद्धांकडून रोख रक्कम घेऊन तिथल्या तिथे पावती देण्याची सोय ग्रामपंचायतीने चालू ठेवलीच पाहिजे.