कोटाच्या खिशातला कागद

प्रिय ताई,
मी मूळची पुण्याची, लग्नानंतर दक्षिण कोरियात, सोलला आले. सासऱ्यांच्या वडिलांना १९४८च्या हिवाळ्यात जेजू बेटावरच्या घरातून पोलिसांनी नेलं, ते परत आले नाहीत. सासरे तेव्हा तान्हे होते. दप्तरी त्यांची नोंद काकांचा मुलगा म्हणून झाली, आजही तशीच आहे. आता मुलीला शाळेत वंशवृक्ष काढायचाय. सासूबाई म्हणतात, काकांचंच नाव लिहा; नणंदेच्या मुलीचं लग्न एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरात ठरतंय, जुनं उकरू नका. मी माझ्या मुलीला खोटं का शिकवू? सासरे यावर अवाक्षर काढत नाहीत. (मागे त्यांचा कोट ड्रायक्लीनला देताना खिशात जेजूच्या इस्पितळाचा कागद सापडला, बेपत्तांच्या नातेवाइकांचं रक्त घेतात त्याचा. मी तो परत ठेवून दिला.) सासूबाईंना कसं समजावू?
– एक सून

बाई गं,
सगळं पत्र सासूबाईंवर आणि जी खरी गोष्ट, ती कंसात!

ते रक्त कशासाठी घेतात, ठाऊक आहे का तुला? जेजूत १९४८ ते १९५४ या काळात पंचवीस ते तीस हजार माणसं मारली गेली, म्हणजे बेटावरचं दर दहातलं एक. बहुतेकांना सरकारच्याच माणसांनी मारलं. कितीतरी जणांचं प्रेतही घरच्यांना मिळालं नाही. २००७ ते २००९मध्ये जेजूच्या विमानतळाच्या आवारात खोदकाम झालं, तेव्हा साडेतीनशेहून अधिक जणांचे अवशेष निघाले. ती हाडं कुणाची, हे ठरवायला जिवंत नातेवाइकांचं रक्त लागतं. अलीकडे तर बेटावरून मुख्य भूमीच्या तुरुंगात नेऊन मारलेल्यांचीही ओळख अशीच पटू लागली आहे.

म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेला तुझा सासरा घरात कुणाला न सांगता विमानात बसला, इस्पितळात जाऊन बाही वर केली आणि कागद खिशात घालून परत आला. आणि तू लिहितेस, ते काही बोलत नाहीत! अगं, हा माणूस बाप शोधतोय. ज्या बापाचा चेहरा आठवण्याचं त्याचं वयही नव्हतं, त्याला शोधतोय, आणि तेही एकटा.

तू तो कागद वाचलास, घडी घालून परत ठेवलास आणि वंशवृक्षावरून सासूशी वाद मांडलास. मला राग आला तो याचा. खऱ्याची बाजू घेतल्याचं समाधान तुला हवंय, पण त्या खऱ्याचा धनी शेजारच्या खोलीत बसलाय आणि त्याला तू एक शब्द विचारलेला नाहीस.

सासूबाईंची भीती खोटी नाही. घरातला एक माणूस ‘लाल’, म्हणजे कम्युनिस्ट, ठरला की त्याच्या मुलापुतण्यांना सरकारी नोकरी नाही, लष्करी अकादमीत प्रवेश नाही, परदेशी जायची परवानगी नाही, असे दिवस त्यांनी पाहिलेत. १९८०च्या राज्यघटनेने हे बंद केलं, पण बायकांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. काकांच्या नावावर मूल लावणं हा तेव्हा जेजूतल्या कित्येक घरांनी पोर जगवायला काढलेला मार्ग होता. पण २००३मध्ये खुद्द अध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी सरकारतर्फे माफी मागितली. अलीकडे कायदा बदलून अशा नोंदी दुरुस्त करायची वाटही मोकळी झालीय. तेव्हा लाज वाटायचीच असेल, तर ती या घराला नको. सासूबाईंना समजावण्याच्या फंदात मात्र पडू नकोस, तो तुझा विषयच नाही.

आपल्याकडे तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात. तिकडे असा परत न आलेला माणूस असला की पुष्कळ घरांत त्याच्या वाढदिवसालाच जेसा, म्हणजे तिकडचं श्राद्ध, करतात, कारण मरणाचा दिवस कुणालाच ठाऊक नसतो. तुझ्या सासऱ्यांच्या घरी त्यांच्या वडिलांसाठी कधी पान मांडलं गेलं का? काकांचा मुलगा म्हणवणाऱ्याने ते कुणाच्या नावाने मांडायचं? हे तुला माहीत नसेल, तर तू त्या घराचं गुपित नव्हे, नुसती कुजबुज ऐकली आहेस.

आता हे कर. या आठवड्यात, सासूबाई बाजारात गेल्या की चहा कर आणि सासऱ्यांसमोर बस. नवऱ्याला मध्ये घेऊ नकोस. सरळ सांग, “आबोनिम (तिकडे सासऱ्यांना असंच म्हणतात ना), कोटातला कागद मी पाहिला होता. तेव्हा बोलले नाही, ते चुकलं. पुढच्या वेळी जेजूला मी तुमच्याबरोबर येऊ का?” मग गप्प राहा. ते उठून गेले तर जाऊ दे. रागावले तर ऐकून घे. प्रश्न पुन्हा विचारू नकोस, तो त्यांना ऐकू गेलेला असेल.

ते हो म्हणाले तर पोरीची परीक्षा, नणंदेकडचं लग्न, काहीही असो, तिकीट काढ. निकालाचं पत्र येईल तेव्हा, आणि ते आलंच नाही तरी, त्यांच्याजवळ घरातलं कुणीतरी असलं पाहिजे.

वंशवृक्षाचा कागद काही दिवस कोरा राहिला तर शाळा बुडत नाही. तिथे कुणाचं नाव लिहायचं ते आजोबांना ठरवू दे. आणि त्यांची तयारी असेल, तर ते नाव नातीला त्यांनीच सांगू दे.

– ताई