न झालेल्या करारात करिअर?

प्रश्न: आमची श्रीवर्धनला सुपारीची वाडी आहे. मुलगी बारावीला, कला शाखेत. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठी जवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरल्याच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली. आता म्हणते, दहशतवादविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर काम करायचंय. तो तर वर्षानुवर्षं रखडलाय म्हणे. यात पोट कसं भरणार? – एक पालक

उत्तर: नमस्कार. रखडलाय हे खरं. १९९६ मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा प्रस्ताव मांडला. परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांना दहशतवादी म्हणायचं का आणि देशांची लष्करं यात धरायची का, यावर गाडं अडलं. लवकर सुटेल असं मलाही वाटत नाही. (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाचा दहशतवादावरचा १९३७ चा करार तर अमलातच आला नाही. त्याला मंजुरी देणारा देश एकच, भारत. तोही ब्रिटिश अमलातला!)

पण लेक काही या एकाच करारासाठी शिकणार नाही. विमान अपहरण, ओलीस धरणं, बॉम्बस्फोट, दहशतवाद्यांना पैसा पुरवणं यांवर स्वतंत्र करार कधीच झालेत. जहाजांच्या सुरक्षेचा १९८८ चा करार आहे, त्यासाठी आपण २००२ मध्ये कायदा केला. आणि शेखाडीचंच पुढे बघा. १९९३ च्या स्फोटांतला आरोपी अबू सालेम पोर्तुगालने २००५ मध्ये ताब्यात दिला, पण फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही, ही हमी भारताने दिल्यावर. त्या हमीवरच्या वादाचा निकाल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. असली हमी लिहिणं आणि पुढे ती कोर्टात लढवणं, हे कायद्याच्या माणसांचं काम.

बारावीनंतर पाच वर्षांचं बीए एलएलबी. राज्याची सीईटी द्यायचीच, जमल्यास राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅटही. मग आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम. परराष्ट्र मंत्रालयात विधी व करारांचा वेगळा विभाग आहे, तिथल्या विधी अधिकाऱ्यांच्या जागा यूपीएससीमार्फत भरतात. जागा मोजक्याच, म्हणून नुसती त्यांची वाट बघत बसू नये. सनद घेऊन मुंबईत सागरी कायद्याची वकिली करता येते. न्हावाशेवा आपल्याच जिल्ह्यात आहे, जहाज आणि मालाचे तंटे काही संपत नाहीत. पोटाचा प्रश्न तिथे सुटतो.

एक मात्र करा. १९८८ च्या कराराचा इंग्रजी मजकूर तिला वाचायला द्या. रुक्ष आहे. चार कलमांतच कंटाळली, तर तिला ओढ थराराची आहे, कायद्याची नाही. मग पोलीस सेवेचा विचार करू. वाचून तुम्हालाच प्रश्न विचारायला लागली, तर सीईटीचा फॉर्म भरून टाका.