बाईंना विचारा: सत्तावीसचे बहात्तर का होतात?

पत्र पहिलं

बाई, नमस्कार. आमचा मुलगा दुसरीत आहे, गावच्याच जिल्हा परिषद शाळेत. दहापर्यंतचे पाढे पाठ आहेत. पण सत्तावीस लिही म्हटलं की ७२ लिहितो, त्रेपन्न म्हटलं की ३५. वावरातून आलो की रोज संध्याकाळी मी त्याला घेऊन बसतो. परवा लागोपाठ सात वेळा तेच झालं आणि माझा हात उठला. भाऊ म्हणतो, पोराला तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाक, व्हॅन गावात येते. पोरगं मंद तर नाही ना?
– एक शेतकरी वडील, दारव्हा तालुका

भाऊ, पहिले तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, तुमचा मुलगा मंद नाही. त्यानं जे ऐकलं ते, ऐकलं त्याच क्रमानं लिहिलं. तुम्ही स्वतः एकदा सावकाश म्हणून पाहा: सत्ता… वीस. आधी सात कानावर पडतो, मग वीस. पेन्सिल डावीकडून उजवीकडे चालते. सात आला, सात लिहिला. वीसमधले दोन आले, दोन लिहिले. झाले ७२. त्रेपन्नमध्येही तीन पुढे आणि पन्नास मागून. असं लिहिणारं मूल शब्द फोडून ऐकत असतं. शंभरापर्यंतचे आकडे नुसते गाण्यासारखे म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांना सत्तावीसमध्ये सात दडलेला आहे हे माहीतही नसतं. तुमच्या मुलाला ते माहीत आहे.

खात्री करायची असेल तर त्याला तीस, चाळीस, चव्वेचाळीस, सहासष्ट लिहायला सांगा. बहुतेक बरोबर लिहील. मग एकोणपन्नास सांगा. तिथे तो नक्की अडखळेल, आणि का अडखळणार नाही? एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक उणा. त्या शब्दात चार नाही, नऊ नाही. ऐकू येतो तो पन्नास, आणि पन्नास तर लिहायचाच नाही! माझ्या वर्गात एकोणपन्नासचे ५९ आणि ५१ लिहिणारी मुलं दरवर्षी असत. ही एकोणाची रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला एकदम मोडते, तिथे एकोणशंभर म्हणत नाहीत. म्हणजे मुलानं एक नियम मोठ्या कष्टानं पकडावा आणि शेवटच्या पायरीवर तोही सुटावा. तेलंगणाच्या सीमेकडे नोकरीला असताना माझ्याकडे तेलुगू बोलणाऱ्या घरातली काही मुलं होती. तेलुगूत सत्तावीसला ‘इरवै एडु’ म्हणतात, वीस आधी आणि सात नंतर. ती मुलं आपल्या भाषेत मोजून लिहायची तेव्हा २७ बरोबर यायचे. मराठीत सांगितलं की तीच मुलं ७२ लिहायची.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा राज्यभर ओरड झाली, विधानसभेतही विषय निघाला. मराठी भाषा बुडाली, असं लोक म्हणाले. मला तेव्हाही तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सत्तावीस हा शब्द आपला आहे, तो राहायलाच हवा, बाजारात आणि घरात तोच चालतो. पण सत्तावीसपर्यंत पोचायला ‘वीस आणि सात’ ही पायरी मुलाला मिळाली तर त्यात कुणाचं काय गेलं?

आता करायचं काय ते सांगते. घरामागे तुराट्यांचा भारा असेलच. त्याच्या बोटाएवढ्या काड्या मोडा, शंभरेक. मुलाला सत्तावीस काड्या मोजून घ्यायला सांगा आणि दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधायला लावा. बांधणं त्यानंच करायचं, तुम्ही बांधून देऊ नका. दोन गठ्ठे होतील, सात काड्या सुट्या राहतील. गठ्ठे डाव्या हाताला ठेवायचे, सुट्या उजव्या हाताला. आता विचारा, किती? ‘दोन दहा आणि सात.’ मग ‘वीस आणि सात.’ मग ‘सत्तावीस.’ तिन्ही त्याच्या तोंडून येऊ द्या. चार-पाच दिवस पाटी-पेन्सिल काढूच नका, नुसत्या काड्या आणि बोलणं.

त्यानंतर लग्नाच्या जुन्या पत्रिका घ्या. कोऱ्या बाजूवर लांब पट्टीवर २० लिहा, तिच्या निम्म्या आखूड पट्टीवर ७. विसावरच्या शून्यावर सात ठेवला की २७ दिसतात, उचलला की खालचं शून्य दिसतं. दहापासून नव्वदपर्यंतच्या लांब पट्ट्या नऊ आणि आखूड पट्ट्या नऊ, एवढ्या अठरांत अकरापासून नव्याण्णवपर्यंतचा हवा तो आकडा जुळतो. ही पट्टी गाळू नका. कारण ‘वीस सात’ म्हणायला लागलेलं मूल कधी कधी २०७ लिहितं. वीस लिहिले, सात लिहिले, त्याच्या हिशोबानं बरोबरच आहे. शून्य झाकलेलं एकदा डोळ्यांनी पाहिलं की ते थांबतं.

लिहायला बसवाल तेव्हा एकच सवय लावा: पूर्ण शब्द ऐकायचा, ‘गठ्ठे किती’ असं मनात विचारायचं, मगच पेन्सिल टेकवायची. कापसाच्या काट्यावरची पावती घरी आणत असाल तर तीही त्याच्यापुढे ठेवा. आपल्या बापाच्या कापसाचा आकडा वाचायला मुलाला किती आवडतं ते बघा. आणि हे आत्ताच करा, कारण पुढे हातच्याची बेरीज आली की गठ्ठे आणि सुट्या यांची गल्लत सगळ्या गणितात पसरते.

कॉन्व्हेंटबद्दल. इंग्रजीत ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हणतात, म्हणून ही विशिष्ट चूक तिथे कमी दिसते, हे खरं. पण थर्टीन, फोर्टीनमध्ये तिथेही तीन-चारच आधी येतात. आणि एका चुकीसाठी मुलाला अशा भाषेत नेऊन बसवायचं, जी घरात कुणीच बोलत नाही? आज तुम्ही संध्याकाळी त्याच्याजवळ बसता. मोडकं असेल, रागाचं असेल, पण बसता. तिथे गेल्यावर वही उघडून तुम्हीच गप्प व्हाल. मी असे बाप पाहिले आहेत. शाळा बदलू नका. या शाळेतल्या गुरुजींना एकदा भेटा आणि काड्यांचं सांगा.

हाताबद्दलही बोलायला हवं. शाळेत मारायला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मनाई करतं, घरात तो कायदा येत नाही. पण मार खाल्लेलं मूल पाटीकडे पाहत नाही, तुमच्या हाताकडे पाहत बसतं. सात वेळा चुकलं तर आठव्यांदा विचारू नका. पाटी बाजूला ठेवा आणि बैलांना पाणी दाखवायला त्याला सोबत घेऊन जा.

तिसरी संपेपर्यंतही तो समोरचा आकडा बघून लिहिताना उलटा लिहीत असेल, किंवा फळ्यावरचं दिसत नाही असं वाटत असेल, तर मात्र डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका.

पत्र दुसरं

बाई, माझी मुलगी तिसरीत आहे. यंदा आम्ही तिला गावातल्या शाळेतून काढून तालुक्याच्या खासगी मराठी शाळेत घातलं. ‘माझा आवडता सण’ या निबंधात तिनं ‘पोळा’ऐवजी ‘पोया’ लिहिलं. मॅडमनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळा वर्ग हसला. तेव्हापासून ती वर्गात बोलत नाही. घरी ‘मले नको’ म्हणते आणि लगेच जीभ चावून ‘मला’ म्हणते. आम्ही घरी शुद्ध बोलायला सुरुवात करावी का?
– एक आई, दर्यापूर तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. १९८७ साली मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा ‘काळा कावळा’ हे ‘काया कावया’ वाचायचा. मी त्याला उभं करून दहा वेळा ‘काळा’ म्हणायला लावलं. दहाही वेळा ‘काया’च आलं आणि वर्ग हसत राहिला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो वर्गात एक शब्द बोलला नाही. चौथीनंतर शाळेत दिसलाच नाही. त्याला घरची कारणंही असतील. पण ते दहा वेळा म्हणायला लावणं माझं होतं.

तो चुकत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. वऱ्हाडीत ळचा य होतो. डोया, काया, फया, केय, शाया, पोया. हा नियम आहे आणि तो पक्का आहे. तुमच्या लेकीनं तोंडातला शब्द जसाच्या तसा अक्षरात उतरवला, म्हणजे तिला ध्वनी आणि अक्षर यांचं नातं नीट कळलं आहे. तिला आता एवढंच कळायला हवं की पुस्तकात हा शब्द दुसऱ्या कपड्यात येतो.

घरी बोलणं अजिबात बदलू नका. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ जिथे लिहिला गेला ते रिद्धपूर तुमच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेणगावचे, त्यांचं कीर्तन वऱ्हाडीत, आणि तेही समोरच्यांना प्रश्न विचारत विचारत. त्या बोलीची लाज तिसरीतल्या लेकरानं का वाहावी?

एका वहीचं पान मधून दुमडा. डावीकडे ‘घरचा शब्द’, उजवीकडे ‘पुस्तकातला शब्द’. डोया – डोळा, मले – मला, जाऊन राहिली – जात आहे. रोज तीन जोड्या, तिनंच शोधायच्या. आजीला विचारून शोधल्या तर आणखी चांगलं. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, य म्हणताना लागत नाही. हे आरशासमोर दोघींनी बघा. तिला मजा येईल.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ळ शिकलं की मुलं जिथे तिथे ळ घालतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं ‘आईची माया’ऐवजी ‘आईची माळा’ लिहिलं होतं, घराच्या पायाला ‘पाळा’. म्हणून पाया, छाया, माया असे शब्द वेगळ्या पानावर लिहा, ज्यांत घरीही य आणि पुस्तकातही य.

आणि मॅडमना भेटा. भांडायला जाऊ नका, ही वही घेऊन जा. म्हणा, ती दोन्ही शब्द शिकून राहिली आहे, वर्गात तिचं हसं होऊ देऊ नका. मघाचं कलम १७ मानसिक त्रासालाही मनाई करतं आणि ते खासगी शाळेलाही लागू आहे. ते बोलून दाखवायची वेळ बहुतेक येणार नाही.

पत्र तिसरं

आदरणीय बाई, मी यंदाच शिक्षक म्हणून रुजू झालो. झरी जामणी तालुक्यातला कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, दोन शिक्षकांची शाळा, पहिली आणि दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत. जूनअखेरीस शाळा उघडली तेव्हापासून पहिलीची नऊ मुलं माझ्याशी बोललेली नाहीत. मी खूप बोलतो, ती नुसती बघतात. मी मूळचा बुलडाण्याचा. काय करू?

बाळा, तू कमी बोल. त्या मुलांची भाषा कोलामी, ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली आहे. मराठी त्यांना तुझ्या वर्गात पहिल्यांदा एवढी सलग ऐकायला मिळते आहे. त्यांच्या भाषेत पुरुषांसाठी क्रियापदाचं एक रूप आणि बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांसाठी दुसरं. म्हणून बोलायला लागतील तेव्हा ‘आई आला’, ‘बहीण गेलं’ असं ऐकशील. टोकू नकोस. ‘हो, आई आली का?’ एवढं म्हणून पुढे जा, बरोबर रूप त्यांच्या कानावर पडत राहील.

माझी पाच वर्षं अशाच एका पोडावर गेली. पहिला धडा मला पाण्याच्या मडक्याजवळ मिळाला. एक मुलगी मडक्याकडे बोट दाखवून ‘ईर’ म्हणाली. मी म्हटलं ‘ईर’, आणि मग हळूच ‘पाणी’. ती हसली. दुसऱ्या दिवशी तिनं मला घर दाखवून ‘एल्ला’ शिकवलं. शिकवणारी ती आणि शिकणारी मी, असं महिनाभर चाललं. ती मुलं माझे उच्चार सुधारायची, आणि मला सुधारता सुधारताच मराठी बोलायला लागली.

दुसरीतल्या दोघा-तिघांना पहिलीजवळ बसव, ती तुझे दुभाषे आहेत. इयत्तेप्रमाणे रांगा करू नकोस, ज्याला जे येतं त्याप्रमाणे गट कर. दुसरीतलं एखादं पहिलीच्या गटात बसलं तर बसू दे. भिंतीवर खाली, मुलांच्या उंचीला, काळा रंग देऊन घे आणि खडू त्यांच्या हाती दे. एका गटाला तिथे काम दिलं की दुसऱ्यासाठी वीस मिनिटं तुझी मोकळी होतात.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं की कापूस वेचणी सुरू होईल आणि काही मुलं आईबापांसोबत वावरात जातील. ती परत येतील तेव्हा हजेरीवरून बोलू नकोस, किती वेचला ते विचार. मुलं कुठवर आली होती हे प्रत्येकाच्या नावानं आत्तापासून एका वहीत लिहून ठेव, म्हणजे परतलेल्याला तिथूनच पुढे नेता येईल.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर लगेच मोटारसायकलला किक मारू नकोस. पोडावर थोडं थांब, म्हाताऱ्यांजवळ बस. पुढचं पत्र लिहिशील तेव्हा त्या नऊ मुलांकडून शिकलेले दहा कोलामी शब्द मला लिहून पाठव. माझे बरेच विसरले आहेत.