डेड म्हणजे मेलेलाच का?

प्रश्न: साहेब मला म्हणाले 'यू आर डेड राइट', मी घाबरलेच. डेड म्हणजे मेलेला ना?

उत्तर: अहो, तुमचं अगदी बरोबर आहे असं म्हणाले ते! इथे डेड म्हणजे अगदी, पूर्ण, आपण मरणाचं ऊन, मरणाची थंडी म्हणतो ना तसंच. फोन डेड, बॅटरी डेड तर रोजचंच. डेडलाइनमध्ये मात्र खरंच मरण आहे, १८६४ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत भिंतीच्या आत एक बुटका लाकडी कठडा होता, त्याच्यापलीकडे पाऊल टाकलं की पहारेकरी गोळी घालायचे, त्यालाच डेडलाइन म्हणायचे, मुदत हा अर्थ नंतरचा. आणि हो, कुणाच्या घरी दुःख असेल तर 'ते डेड झाले' नका म्हणू, फार लागतं हो ते, गेले म्हणा, वारले म्हणा.