त्या दुसऱ्या माणसाला कोण कळवणार?

तुमच्या लांब पत्रातली व्यथा थोडक्यात अशी: तळहातांवर पुरळ उठले, तपासणीत सिफिलिस म्हणजे उपदंश निघाला, पतींनाही तोच आजार असल्याचे कळले आणि त्यांनी आपले बाहेरचे संबंध कबूल केले. डॉक्टरांना आता ही नोंद कायद्याप्रमाणे आरोग्य विभागाला कळवावी लागणार आहे. चूक पतीची असताना माझे नाव सरकारी कागदावर का जावे, डॉक्टरांना गप्प राहण्याची विनंती करू का, असे तुम्ही विचारता.

पतींच्या वागण्यावर तुम्ही दोन पाने लिहिली आहेत. मधेच कंसात एक वाक्य आहे: 'आम्ही वेगळे राहत होतो तेव्हा, दोन महिन्यांपूर्वी, माझे एका परिचिताशी संबंध आले, पण त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.' संबंध आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत झटकून टाकलात याचा मला राग आला. तुम्हा दोघांवर उपचार झाले. त्या माणसाला अजून काहीच ठाऊक नाही.

उपदंशाची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरून येते. पुढचे पुरळही औषधाशिवाय मावळते, त्यामुळे माणूस आपण बरे झालो असे समजतो. जंतू मात्र शरीरात राहतात आणि मेंदू, डोळे, हृदय यांना इजा करू शकतात. त्याच्यापासून एखाद्या गरोदर स्त्रीला लागण झाली, तर बाळ पोटातच दगावू शकते. आणि हे सारे टाळायला सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एकच इंजेक्शन पुरते, जे तुम्हाला मिळाले आहे.

डॉक्टरांना गळ घालू नका. जिथे असा कायदा आहे, तिथे बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळाही स्वतंत्रपणे कळवते, म्हणजे तुम्ही एका सज्जन माणसाला विनाकारण कायदा मोडायला सांगाल. ही माहिती गोपनीय ठेवली जाते, आणि आरोग्य कर्मचारी संबंधित व्यक्तीला भेटतात तेव्हा नाव कोणी दिले हे सांगत नाहीत. तो माणूस तर्काने ओळखेल, ही तुमची खरी भीती असावी. ओळखेलही कदाचित. तरीही त्याला कळलेच पाहिजे.

म्हणून आजच त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आरोग्य कर्मचाऱ्याला द्या, किंवा धीर होत असेल तर स्वतः फोन करा. त्याची रक्ततपासणी निर्दोष आली तरी त्याने तेवढ्यावर थांबू नये. गेल्या 90 दिवसांत संपर्क आलेल्यांना तपासणीच्या निकालावर न विसंबता उपचार देण्याची पद्धत आहे, कारण तपासणीत आजार दिसू लागायला वेळ लागतो. तुमच्या बाबतीत त्यातले साठ दिवस आधीच उलटून गेले आहेत.