काम माझं, मांडतात मात्र सिनियर

प्रश्न: काम वेळेत देते, पण मीटिंगमध्ये ते सिनियरच मांडतात आणि प्रमोशनच्या वेळी माझं नावच निघत नाही. स्वतःहून बोलायला फार अवघड वाटतं, काय करू?

उत्तर: अगं, काम चांगलं आहे हे साहेबांना आपोआप कळेल असं धरून चालू नकोस, त्यांच्यापुढे कितीतरी जणांची कामं असतात आणि जे कानावर पडतं तेच लक्षात राहतं. दर आठवड्याला चार ओळींचा मेल टाक, काय पूर्ण झालं, कुठे अडलंय, त्यांच्याकडून कोणता निर्णय हवाय, बस. अडलंय ते लिहिताना नुसता प्रॉब्लेम नको, सुचलेले एक-दोन उपाय आणि त्यातला तुला कुठला पटतो तेही लिही, तू स्वतःच्या डोक्याने काम करतेस हे त्यातूनच दिसतं. सिनियरशी भांडू नकोस गं, मीटिंगच्या आधी सरळ सांग, 'हा भाग मी केलाय, मीच मांडते, कुणी प्रश्न विचारले तर उत्तरंही देता येतील.' आणि प्रमोशनचा विषय अप्रेझलच्या दिवशी काढू नकोस, तोवर बऱ्याचदा सगळं ठरलेलं असतं, काही महिने आधीच साहेबांना विचार की वरच्या पोस्टसाठी माझं काय कमी पडतंय, आणि जे सांगतील ते त्याच दिवशी मेलवर लिहून त्यांना पाठव.