वाचकांचे प्रश्न : छायाचित्राखालच्या दोन ओळी

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत जुनी-नवी मिळून साठएक छायाचित्रे घ्यायची आहेत. पहिल्या प्रुफात त्यांच्याखाली ‘कार्यक्रमाचे एक दृश्य’, ‘व्यासपीठावर मान्यवर’ अशा ओळी आल्या आहेत. त्या पोकळ वाटतात. मग काय लिहावे आणि ते कसे मांडावे?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला वाटते ते रास्त आहे. व्यासपीठावर मान्यवर बसले आहेत हे छायाचित्र पाहणाऱ्याला दिसतेच. ते कोण, दिवस कोणता आणि हे छायाचित्र येथे का घेतले, हे मात्र दिसत नाही, आणि फोटोओळीने नेमके तेवढेच सांगायचे असते. पंचगंगा घाटाचे उदाहरण घ्या. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही महापुरांत घाट पाण्याखालीच दिसतो, त्यामुळे ‘पंचगंगेला आलेला पूर’ ही ओळ तिन्ही छायाचित्रांना चालते, म्हणजेच एकालाही उपयोगी पडत नाही. त्याऐवजी ‘पंचगंगा घाट, जुलै 2021. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची धोका पातळी 43 फूट आहे. या पुरात पाणी 56 फुटांवर गेले’ असे लिहिल्यास वाचक पुन्हा छायाचित्राकडे वळतो आणि पाणी कुठवर चढले ते शोधू लागतो. केशवराव भोसले नाट्यगृहातील आपल्या जुन्या समारंभांचेही तसेच आहे. ऑगस्ट 2024 मधील आगीनंतर त्या छायाचित्रांत माणसांइतकेच मागचे सभागृहही पाहिले जाईल, म्हणून तेथे समारंभाचे वर्ष लिहिणे अगत्याचे आहे.

सर्वाधिक काळजी समूह छायाचित्रांची घ्यावी. नावे पाहणाऱ्याच्या डावीकडून, रांगेनुसार द्यावीत, आणि ती पानाची मांडणी पूर्ण झाल्यावर छापील चेहऱ्यांशी बोट ठेवून पुन्हा मोजावीत. मांडणीत जागा बसवण्यासाठी डाव्या कडेचा एक चेहरा कापला गेला आणि ओळ तशीच राहिली, तर प्रत्येक नाव शेजारच्या माणसाकडे सरकते, आणि हयात व्यक्तीच्या चेहऱ्यावर ‘कै.’ येण्याचा अनर्थ अशाच सरकण्यातून घडतो. ज्या व्यक्तीची ओळख पटत नाही, तिची जागा गाळू नये. तेथे ‘नाव उपलब्ध नाही’ असे लिहावे. त्याआधी छायाचित्राची झेरॉक्स वाचनालयाच्या ज्येष्ठ सभासदांकडे न्यावी आणि त्यांनी सांगितलेली नावे चेहऱ्यांवरच पेन्सिलीने टिपून घ्यावीत. स्मरणिकेच्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे असे मी मानतो, कारण ही माहिती बहुधा दुसरीकडे कुठेही नोंदलेली नसते.

मांडणीबाबत एवढे पाळावे. ओळ छायाचित्राच्या लगेच खाली, त्याच्याच रुंदीत असावी. ‘समोरील पानावर वर उजवीकडे’ अशी शोधाशोध वाचकावर लादू नये. मुख्य मजकूर 12 पॉइंटांत असेल तर फोटोओळ 10 पॉइंटांत ठेवता येते, मात्र दोन ओळींतील अंतर कमी करू नये, अन्यथा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. वेगळेपणासाठी अक्षरे तिरकी करण्याचा मोह टाळावा. संगणकाने कलते केलेले देवनागरी अक्षर डोळ्यांना शिणवते, त्यापेक्षा किंचित ठळक ठसा बरा. गडद छायाचित्रावर पांढऱ्या अक्षरांत ओळ छापू नये, कारण साध्या कागदावर शाई पसरते आणि अनुस्वार, मात्रा पहिल्यांदा बुजतात.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आहे. त्याचा उल्लेख करावा का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : अवश्य करावा, आणि तो ओळीच्या शेवटी, लहान टंकात ‘छायाचित्र :’ असे लिहून करावा. 1957 च्या कॉपीराइट (प्रताधिकार) कायद्यानुसार, संस्थेने मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, संस्थेकडेच असतो. म्हणून तशा छायाचित्रांसाठी परवानगीची अडचण सहसा येत नाही. इतरांनी काढलेल्या छायाचित्रांवरील हक्क मात्र छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो, तेव्हा अशा छायाचित्रांसाठी आधी लेखी संमती घ्यावी. शिक्का असलेली बाजूही स्कॅन करून ठेवावी. त्यावर तारीख किंवा पत्ता असेल, तर छायाचित्राचे वर्ष ठरवण्यास त्याचीच मदत होते.